वालीवहून आणलेले चौदा साचे

खरं तर नुसता टेम्पो पाठवला असता तरी भागलं असतं. आमच्या धंद्यात साचे गिऱ्हाइकाच्या, म्हणजे इथे आमच्या, मालकीचे असतात आणि राहतात मात्र पुरवठादाराकडे. काम बंद झालं की यादी करायची, सही घ्यायची, साचे टेम्पोत चढवायचे, विषय संपला. स्टोअरमधल्या जोशींनी तसंच ठरवलंही होतं. मीच म्हणाले, मी जाते. जोशींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "वसईला बघण्यासारखं काय आहे?"

या ब्लॉगवर तुम्ही घाट, देवराया आणि माझी फसलेली जेवणं वाचायला येता. या वेळी तसं थोडंच मिळेल. रस्त्याची आणि राहण्याची माहिती आहे, फोटो मात्र जवळजवळ नाहीत. काढावेसे वाटले नाहीत.

मी पुण्यात ध्वनियंत्रं बनवणाऱ्या एका लहान कंपनीत आहे. लग्नाच्या हॉलमध्ये, देवळात, शाळेच्या गॅदरिंगला लागतात ते अ‍ॅम्प्लिफायर आम्ही बनवतो. ते खोक्यातून न फुटता गिऱ्हाइकाच्या घरी पोचावेत, हे बघणं माझं काम. अकरा वर्षं ते थर्माकोलच्या दोन पांढऱ्या ठोकळ्यांमध्ये बसून गेले. गेल्या वर्षी आम्ही थर्माकोल बंद केलं आणि कागदाच्या लगद्याचे ट्रे घेतले. प्रस्ताव माझा, चाचण्या माझ्या, सहीसुद्धा माझी. बक्षीस म्हणून मला एक रोपटं मिळालं.

ते थर्माकोल बनायचं वसईजवळच्या वालीवला, भास्करशेठ म्हात्र्यांच्या शेडमध्ये. अकरा वर्षांत मी तिथे एकदाही गेले नव्हते. तशी वेळच आली नाही, कारण दर वेळी तेच यायचे. मी नव्या मॉडेलचं चित्र पाठवायची, त्यावर त्यांचा फोन नाही, निरोप नाही. आठ-दहा दिवसांनी स्वागतकक्षातून निरोप यायचा की वसईहून म्हात्रे आलेत. एसटीच्या प्रवासात मांडीवर धरून आणलेला नमुना ते माझ्या टेबलावर ठेवायचे आणि मग बोलायला सुरुवात करायचे. "आधी नमुना, मग बोलनं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. भाव, मुदत, अडचणी, सगळं त्यानंतर.

जूनमध्ये मी त्यांना फोन करून सांगितलं की डिसेंबरनंतर थर्माकोल घेणार नाही, आता लगदा. ते एवढंच म्हणाले, "बरं मॅडम." इतकं सहज निभावलं म्हणून मी सुटकेचा निःश्वास टाकला. पुढचं मी काही विचारलं नाही आणि त्यांनीही नाही.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी पहाटे साडेपाचला निघाले. जाणाऱ्यांसाठी लिहून ठेवते: द्रुतगती मार्गाने कळंबोली, तिथून ठाणे, मग घोडबंदर रस्ता. अंतर दोनशे किलोमीटरच्या आत असलं तरी वेळ पाच तासांचा धरा, कारण गायमुखाच्या चढावर कंटेनर एकामागे एक अडकलेले असतात आणि तिथे घाई करून काही होत नाही. मी तिथे पाऊण तास उभी होते. पुढे खाडीवरचा पूल ओलांडला की वारा एकदम खारट होतो. पेट्रोल आणि टोल मिळून जाऊन-येऊन चार हजारांच्या आसपास गेले. खालापूरला घेतलेला वडापाव गार होता, त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

वालीवमध्ये शिरल्यावर नकाशाने हात टेकले. एका गल्लीत खिळे, पुढच्या गल्लीत बाटल्यांची झाकणं, त्याच्या पुढच्या गल्लीत खेळण्यांची चाकं. प्रत्येक शेडचा आवाज वेगळा आणि वासही वेगळा. पत्ता विचारला तर पानवाला म्हणाला, "वो सफेदवाले म्हात्रे? आगे से लेफ्ट, पत्रे पे दाना चिपका दिखेगा." खरंच दिसला. शेडच्या पत्र्याला, विजेच्या तारांना, बाहेरच्या बदामाच्या झाडाला थर्माकोलचे बारीक दाणे चिकटलेले होते. आत मात्र शांत होतं. बॉयलर विझून महिना झाला होता.

भास्करशेठ दारातच उभे होते. साठीच्या पुढचा उंच, वाकलेला माणूस, बोटांवर वाफेने भाजल्याचे जुने डाग. त्यांचं गाव खाडीकाठचं, घरची भातशेती. तरुणपणी हा धंदा शिकले आणि इथेच राहिले. "या मॅडम. पानी घ्या आधी," म्हणाले. त्यांच्या मागे रेखाताई होत्या. त्या रोज विरारच्या फुलपाड्याहून येतात. ठोकळा साच्यातून निघाला की त्याच्या कडेला राहिलेली कुसं घासून काढायची आणि कोपरे तपासायचे, हे काम त्यांनी एकोणीस वर्षं केलं. पूर्वी अशा सात बायका होत्या. आता त्या एकट्याच होत्या, आणि पगारावर नव्हेत, शेठनी आवराआवरीला बोलावलं म्हणून आलेल्या.

भिंतीशी तेरा साचे ओळीने मांडले होते. अ‍ॅल्युमिनियमचे, प्रत्येक दोन भागांत, पुसून, तेल लावून, गोणपाटावर ठेवलेले. मी म्हणाले, "अहो, कशाला एवढी मेहनत? हे भंगारात जाणार आहेत."

"मशीनवरून उतरलेला साचा तेल लावल्याबिगर देत नाय मी," ते म्हणाले. "तुम्ही त्याचं काय करता तो तुमचा प्रश्न."

माझ्या यादीत चौदा साचे होते. मी पुन्हा मोजले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय, याचा अनुभव तेव्हा आला. साचा कमी त्यांच्याकडे होता आणि अवघडलेली मी होते. तेवढ्यात ते म्हणाले, "चौदावा मागं आहे. चला दावतो."

शेडच्या मागे पत्र्याच्या आडोशाला एक वेगळंच दुकान मांडलेलं होतं. एक मोठा ग्राइंडर, इडलीचं पीठ वाटतात तसला, कुणा केटररने काढून टाकलेला. दोन निळी पिंपं, त्यांत भिजलेल्या जुन्या खोक्यांचा राखाडी लगदा. एक पंप. आणि पाटावर आमचा चौदावा साचा. त्याच्या एका अर्ध्या भागाला बारीक बारीक भोकं पाडलेली होती, शेकड्यांनी, आणि वर स्टीलची जाळी रिव्हेटने बसवली होती, पंपाने पाणी ओढून घेतलं की लगदा जाळीवर राहावा म्हणून.

"तुमचा साचा, तुम्हाला न विचारता भोकं पाडली," ते म्हणाले. "चूक झाली म्हना. पन नवीन साचा करायला लावला असता तर तुम्ही म्हनाला असतात, आधी जमतंय का ते दाखवा. म्हनून जुन्यातच केलं."

मग त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून, अगदी पूर्वी माझ्या टेबलावर काढत तसा, नमुना काढला. लगद्याचा ट्रे. लगद्याचे दोन भाग, हुबेहूब थर्माकोलच्या ठोकळ्यांसारखे. तसेच गोलसर कोपरे, वायर बसायची तीच खोबण, हात घालायची तीच खाच. मी हातात घेतला आणि हात खाली गेला. ट्रे दगडासारखा जड होता.

हे काय झालंय, ते मला पाहताक्षणी कळलं. थर्माकोल भरीव असतं. दोन-दोन बोटं जाड भिंत असली तरी तिला वजन नसतं, म्हणून आम्ही ती चित्रात बिनधास्त जाड काढतो. लगद्याचं उलट आहे. तो अंड्याच्या ट्रेसारखा पातळ ठेवायचा, आतून पोकळ, आणि ताकद आणायची ती घड्यांमधून, उंचवट्यांमधून. आयुष्यभर ज्यांनी भरून भरून वस्तू केल्या, त्यांनी लगदाही भरला होता. थर एकावर एक चढवून, दाबून, चार-चार दिवस उन्हात वाळवून. थर्माकोल शिकलेल्या माणसानेच करावी अशी ही चूक होती, आणि ती इतक्या निगुतीने केलेली होती की मी ट्रे नुसता उलटासुलटा करत राहिले.

"पावसात बुरशी धरायचा," रेखाताई म्हणाल्या. "शेठनी नऊ वेळा फेकला. मग केळीच्या खांबाचा चोथा घातला त्यात, तेव्हा कुठं उभा राहिला."

"टाकून बघा मॅडम," भास्करशेठ म्हणाले. "टाकल्याशिवाय तुम्ही काय मानायच्या नाय."

टाकून बघणं म्हणजे आमची नेहमीची चाचणी. यंत्र पॅक करायचं आणि खोकं अडीच फुटांवरून दहा वेळा सोडायचं: आधी एका कोपऱ्यावर, मग त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या तीन कडांवर, मग सहाही बाजूंवर. त्यांच्याकडे आम्हीच कधीतरी दिलेला एक बंद पडलेला अ‍ॅम्प्लिफायर होता. रेखाताईंनी तो ट्रेमध्ये बसवला, खोकं चिकटपट्टीने बंद केलं. भिंतीवर अडीच फुटांची खडूची रेघ आधीच ओढलेली होती. ही चाचणी इथे अनेकदा झाली असणार.

त्याच वेळी मी थांबवायला हवं होतं. सांगायला हवं होतं की शेठ, हे सगळं ठरून गेलंय, ट्रे दुसरीकडून येऊ लागलेत, या महिन्याचा माल त्यांतूनच गेला. पण ते खोकं उचलून रेघेशी धरून उभे होते, एक कोपरा खाली करून, आणि माझ्याकडे पाहत होते. मी म्हणाले, "सोडा."

कोपरा दबला. कडा झाल्या. मग बाजू. प्रत्येक वेळी खोकं पडलं की शेड घुमायची आणि पत्र्यावरचे दोन-चार दाणे खाली यायचे. आठव्याला रेखाताईंनी डोळे मिटून घेतले. दहावा झाल्यावर भास्करशेठनी ब्लेडने चिकटपट्टी कापली. ट्रेला एक चीर होती, केसाएवढी. यंत्राला ओरखडाही नव्हता.

"झालं ना?" ते म्हणाले. त्या वयाच्या माणसाचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. "आता बोला."

मग मी बोलले. काय शब्द वापरले ते आठवत नाहीत, बहुधा वाईटच वापरले. ट्रेचं काम गुजरातेतल्या एका कारखान्याला दिलंय, दोन वर्षांचा करार झालाय, आता बदलणं माझ्या हातात नाही.

ते खाली बसले आणि म्हणाले, "कधी दिलंत?"

"जूनमध्ये."

"मी नागपंचमीला सुरू केलं," ते म्हणाले. "म्हनजे तवाच झालेलं होतं."

मी हो म्हणाले. मला वाटलं होतं की ते चिडतील, आणि ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते उठले आणि चौदाव्या साच्यावरची जाळी सोडवू लागले. रिव्हेट एकेक करून काढले, साचा पाण्याने धुतला, पुसला, भोकं पाडलेल्या त्या भागालाही फडक्याने तेल लावलं आणि तेरा साच्यांच्या ओळीत नेऊन ठेवला. या कामात अर्धा तास गेला. तोवर रेखाताईंनी चहा केला. कप माझ्या हातात देताना त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमच्या नव्या ट्रेच्या कडा घासायला बायका लागतात का हो?"

"नाही," मी म्हणाले. "मशीनमधूनच साफ येतो."

"असं का," त्या म्हणाल्या आणि कप विसळायला गेल्या.

यादीत चौदाव्या साच्यापुढे मी "वापराने खराब" असं लिहिलं. कराराप्रमाणे "विनापरवानगी बदल" असं लिहायला हवं होतं. टेम्पो दुपारी तीनला आला आणि चारला गेला.

माझी राहण्याची सोय भास्करशेठनीच करून ठेवली होती, भुईगावला, एका ख्रिस्ती घरात. असं सगळं झाल्यावर त्यांनी ठरवलेल्या खोलीत जाऊन झोपायचं मला जिवावर आलं होतं. पण दुसरीकडे जाणं त्याहून वाईट दिसलं असतं. वालीवहून पुलावरून पश्चिमेला उतरायचं, माणिकपूर मागे टाकायचं आणि गिरीजच्या बाजूने भुईगाव. तासभर लागतो. शेवटी गल्ल्या इतक्या अरुंद होतात की समोरून रिक्षा आली तर एकाने मागे जावंच लागतं. दोन्हीकडे वाड्या, केळी, चिकू, अधूनमधून फुलांनी सजवलेला क्रूस. खोली स्वच्छ, न्याहारीसकट अठराशे. रात्रीचं जेवण सांगितलं तर साडेतीनशे वेगळे: बोंबलाचं कालवण, भात, तळलेली कोलंबी आणि हातभर गप्पा. गप्पांच्या मालकीण फिलोमिना आंटी.

मला जेवण गेलं नाही. आंटींना वाटलं की मला तिखट लागलं.

सकाळी न्याहारीला त्यांनी पावाबरोबर एक सुकेळ्यांची पुडी ठेवली. राजेळी केळी उन्हात वाळवून करतात ती सुकेळी. गेल्या उन्हाळ्यातली शेवटची पुडी आहे, म्हणाल्या. केळीच्याच वाळक्या पानात गुंडाळलेली, केळीच्याच सोपटाच्या दोरीने बांधलेली. मी गाठ पाहत बसले. ज्या कामाचा मी पगार घेते ते या बाई बिनपगारी माझ्यापेक्षा बरं करत होत्या.

"म्हात्रे आले नाहीत तुमच्याबरोबर?" आंटींनी विचारलं. "दर रविवारी येतात. आम्ही चर्चमधल्या मिसाहून परत आलो की ते आणि त्यांची बायको वाडीत असतात. घड काढला की केळीचा खांब आम्ही टाकूनच देतो, तर हे तो नेतात. इथेच विहिरीवर बसून चेचतात दोघं. मी म्हटलं, अहो, या वयात हे काय काढलंत? तर म्हणाले, पुण्याच्या मॅडमना नमुना द्यायचाय."

"किती रविवार आले असतील?" मी विचारलं.

"गणपतीच्या आधीपासून येतात. मोजले नाहीत बाई." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "पास झाला ना? काल झाला असेल तर आज सांगायला येतील."

"पास झाला," मी म्हणाले. पुढचं सांगितलं नाही. ते त्यांनी सांगावं की मी, हेच मला समजेना.

निघण्याआधी समुद्रावर जाऊन आले. घरापासून दहा मिनिटं, सुरूच्या झाडांतून पायवाट आहे. गर्दी नसते, सकाळी जा. वाळू काळपट आहे आणि भरतीच्या रेषेवर सुरूच्या काटक्यांमध्ये थर्माकोल पसरलेलं असतं, फुटून फुटून दाणे झालेलं. गावातली मुलं महिन्यातून एकदा पोती भरून गोळा करतात, पुढच्या भरतीला पुन्हा तितकंच. मी चार दाणे उचलायला वाकले आणि तिथेच बसले. हे बंद व्हायला हवं होतं. याबद्दल मला कालही शंका नव्हती आणि आजही नाही. त्या सकाळी त्या खात्रीचा मला काहीच उपयोग नव्हता. मी वाळूत बसून रडले, आणि एक कुत्रं येऊन बाजूला बसलं, तेवढंच.

परतीचा प्रवास सांगण्यासारखा नाही. पुण्यात पोचायला सहा तास लागले.

आता सगळे विचारतात, वसईला काय पाहिलंस? मी सांगते की भुईगावला जा, एक रात्र राहा, आंटींच्या हातचं जेवा, आणि सुकेळी मिळाली तर हावरटपणा करून दोन पुड्या घ्या. यातलं काही खोटं नाही. साचे आले त्याच आठवड्यात वितळवायला गेले. भास्करशेठनी शेड सोडली, असं रेखाताईंकडून कळलं. त्या आता फुलपाड्यातच एका बेकरीत खोकी बांधतात.

मी परतल्यावर पंधरा दिवसांनी भास्करशेठचा फोन आला. मी उचलायला घाबरले, हे कबूल करते.

"मॅडम, एक मागनं होतं. तो नवा ट्रे एक पाठवाल काय? नुसता बघायला."

दुसऱ्याच दिवशी कुरियरने पाठवला. बैल गेला नि झोपा केला, तसलाच प्रकार. आठवड्याने पुन्हा फोन आला.

"बघितला," ते म्हणाले. "चांगला आहे. किती हलका आहे. आतून पोकळ, घड्या पाडून पाडून जोर आनलाय त्याला. मी येडा भरत बसलो." मग म्हणाले, "हा आधी बघायला भेटला असता तर मला समजलं असतं काय करायचं ते."

गुजरातच्या त्या ट्रेचा पहिला नमुना गेल्या मे महिन्यापासून माझ्या टेबलावर होता. त्याच्या खाचांत मी पेनं ठेवत होते. जूनमध्ये त्यांना फोन केला तेव्हाही तो माझ्या समोरच होता. मी त्यांना हे सगळं सांगितलं.

"जाऊ द्या," ते म्हणाले. "तुम्हाला तरी काय ठाऊक, मी बघून करीन म्हनून."

मला ठाऊक होतं. अकरा वर्षं मी त्यांना नुसती चित्रं पाठवत आले होते, आणि दर वेळी आठ-दहा दिवसांत वस्तू माझ्या टेबलावर आली होती.